एकाच टोकाला जोडलेली जाळी

१

खाली शिंपीणवहिनींनी शिलाई मशीनच्या पॅडलवर पाय ठेवला, की वर आमच्या स्पीकरमधून खर्रर्र असा आवाज यायचा. लांब शिलाई असली तर लांब खर्रर्र, काजं करायला घेतली तर तुटक तुटक. दादा खुर्चीत बसल्या बसल्या सांगायचा, "आज पडद्यांचं काम आलेलं दिसतंय. बाई सुटल्यायत नुसत्या."

घर दुमजली. खाली वहिनींचं दुकान आणि मागे त्यांची खोली, वर आम्ही बहीणभाऊ. दादा माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. त्याने लग्न केलं नाही, माझं टिकलं नाही, आणि पंधरा वर्षांपूर्वी एका रविवारी मी माझी पेटी उचलून त्याच्याकडे राहायला आले ती आलेच. त्याची नोकरी कारखान्यात, कॉम्प्रेसरच्या खोलीत. निवृत्त झाला तेव्हा साहेबांनी त्याला मनगटी घड्याळ दिलं आणि कॉम्प्रेसरने कानात एक शिट्टी दिली. बारीक, उंच, दिवसरात्र चालणारी. मला कळावी म्हणून तो कधी कधी ओठांचा चंबू करून ती वाजवून दाखवायचा. डॉक्टरांनी कान तपासले, कागदावर आलेख काढला आणि सांगितलं, "याला औषध नाही. सवय करून घ्या."

"मला तिची सवय झाली हो," दादा म्हणाला, "तिला माझी कुठे होतेय?"

या गोष्टीला अकरा वर्षं झाली होती. दुपारी तो तबकड्या लावायचा त्या ऐकण्यासाठी नव्हे, शिट्टी बुडवण्यासाठी. आवाज इतका मोठा ठेवायचा की भिंतीवरचं कॅलेंडर थरथरायचं. आणि नेमक्या त्याच वेळी वहिनींना पडदे शिवायचे असायचे.

एक दिवस तो स्पीकरच्या दुकानातून तोंडभर हसत आला. "पकडबाई, स्पीकरची खरखर घालवायची एक वायर मिळते म्हणे. अँप्लिफायरला वीज पोचवणारीच, पण जाळीवाली. दुकानदार म्हणतो, आवाजात मखमल येते."

"मखमल वहिनींकडे मिळते," मी म्हटलं. "वायरीत तांबं असतं."

पकडबाई हे माझं कामावरचं नाव. अठ्ठावीस वर्षं मी विजेच्या पॅनलमध्ये वायरी भरल्या. त्या मखमलीच्या गप्पा मला पटणं शक्यच नव्हतं. पण मशीनच्या मोटारीची खरखर शेजारच्या वायरीत उतरते आणि जाळीने ती अडते, हे मात्र मला ठाऊक होतं. ते शास्त्र आहे. मी म्हटलं, "विकत कशाला? मी करून देते."

२

दोन दुपारी लागल्या.

जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरली आणि सामान मांडलं. लाल, काळी आणि हिरवी अशा तीन जाड वायरी, दोन्ही टोकांचे प्लग, कापडी सुतळी, उष्णतेने आकसणारी काळी नळी आणि तांब्याच्या बारीक तारांची विणलेली जाळी. जाळी म्हणजे पोकळ मोजा असतो तशी. दाबली की फुगते, ओढली की आवळते. दादाने ती मनगटावर चढवली आणि हात पुढे करून म्हणाला, "कोणत्या राज्याचा राजपुत्र वाटतो?"

"कॉम्प्रेसरच्या. काढ ती, मळेल."

तीन वायरींची एकीकडची टोकं मी दाराच्या कडीला बांधली आणि दुसरी दादाच्या हातात दिली. "पीळ दे. सारखा पीळ हवा, कमीजास्त नको." तो पीळ देत देत मागे सरकत स्वयंपाकघरापर्यंत गेला. तिथून ओरडला, "आता फळीवरचा बिस्किटांचा डबा हाताशी आलाय, थांबू का?" पिळलेल्या वायरीवर सुतळी गुंडाळली, वरून जाळी चढवली, जाळीवर काळी नळी घातली आणि मेणबत्तीपासून बोटभर लांब धरून ती आकसून घेतली.

शेवटी राहिलं जाळीचं टोक. ते मी भिंतीकडच्या प्लगमध्ये अर्थिंगच्या पिनेला, हिरव्या वायरीसोबत, कथील वितळवून डाख देऊन जोडलं. अँप्लिफायरकडच्या टोकाला जाळी कापून टेप गुंडाळून बंद केली.

"इकडे नाही जोडायची?" दादाने विचारलं.

"नाही. जाळी एकाच टोकाला जोडायची. बाहेरून येणारी खरखर ती झेलते आणि त्या टोकातून जमिनीत सोडते. दोन्हीकडे जोडली तर गोल गोल फिरत बसेल."

"जमिनीत म्हणजे कुठे?"

"मागच्या अंगणात अर्थिंगचा खड्डा आहे ना, उन्हाळ्यात मी दोन बादल्या पाणी ओतते तो. तिथे."

"आणि तिथून पुढे?"

"तिथून पुढे काही नाही. संपलं."

मीटर लावून मी प्रत्येक तार तपासली. कुठे कशाला कशाचा स्पर्श नाही, जे जुळायला हवं ते जुळलेलं. अठ्ठावीस वर्षांत इतकं देखणं काम माझ्या हातून झालं नव्हतं, आणि ते मी तीन वेळा बोलूनही दाखवलं.

३

दुसऱ्या दिवशी साडेतीन वाजता वायर लावली. खाली वहिनींना सांगून ठेवलं होतं, त्यांनी मुद्दाम मशीन चालू केलं. स्पीकरमधून काही आलं नाही. मी कान लावला. खरखर नाही, घरघर नाही, काहीच नाही.

"झालं की!" मी टाळी वाजवली. "ऐकलंस? गेली."

खुर्चीच्या दोन्ही हातांवर हात ठेवून दादा नुसता बसला होता. पायरी चुकली की माणूस दचकतो, तसा त्याचा चेहरा झाला होता. मला वाटलं, चक्कर आली. मी पाणी आणायला वळले.

"थांब. हलू नकोस."

मी थांबले.

"पकडबाई," तो हळूच म्हणाला, "शिट्टी बंद झाली."

"स्पीकरची ना? तेच तर."

"नाही गं. माझी."

त्याने एक बोट वर केलं. "तो टिकटिक आवाज... आपलं घड्याळ?" मग, "कोणीतरी झाडतंय. रस्त्यावर." मग डोळे मिटून, "तुझ्या श्वासाचा आवाज येतो तुला माहीत आहे? डाव्या नाकपुडीत शीळ आहे." आणि तो हसायला लागला. हसता हसता रडायला लागला. मी पण. वहिनी धावत जिना चढून आल्या तर आम्ही दोघं एकमेकांचे हात धरून बसलेलो.

"अहो, कोण गेलं?" त्यांनी घाबरून विचारलं.

"शिट्टी गेली!" आम्ही दोघं एकदम ओरडलो.

त्या दिवशी त्याने तबकडी लावली ती आवाज अगदी बारीक ठेवून. बासरी होती. एका जागी वाजवणारा दम घेतो, तो दम ऐकून दादाने आपली मांडी थोपटली. मग तीच बाजू त्याने सहा वेळा लावली.

४

आता मी काही खुळी नव्हे. विजेच्या वायरीने माणसाचे कान बरे होत नाहीत. हे मी स्वतःला त्या आठवड्यात शंभरदा सांगितलं. आनंदाने झालं असेल, खरखर गेली त्या भरात मनाने शिट्टीही पुसली असेल.

म्हणून मी गुपचूप परीक्षा घेतली. सात चिठ्ठ्या केल्या, काहींवर "जोड" लिहिलं, काहींवर "सोड". दादा सकाळी फिरायला गेला की डबीतून एक चिठ्ठी काढायची, प्लग उघडायचा आणि चिठ्ठीत असेल त्याप्रमाणे जाळीचं टोक पिनेला जोडायचं किंवा सोडून ठेवायचं. बाहेरून काही दिसत नसे. दुपारी तो खोलीत आला की, स्पीकर चालू करायच्या आधीच, सहज विचारायचं, "कसं काय आज?"

सातही दिवस त्याचं बरोबर आलं. सोडलेल्या दिवशी खोलीत पाऊल टाकताच त्याचा चेहरा पडायचा, म्हणायचा, "आज आहे बाई." जोडलेल्या दिवशी दारातूनच अंगठा दाखवायचा. पाचव्या दिवशी तर मी काय केलं होतं तेच मी विसरले. तो म्हणाला, "आज आहे," आणि मी नंतर प्लग उघडून बघितला तर जाळी सुटलेली.

सातव्या दिवशी मी चिठ्ठ्या चुलीत टाकल्या आणि जाळी पक्का डाख देऊन बसवली. कारण कळत नाही म्हणून कोणी सुख परत करतं का?

आणि काय दिवस होते ते! साडेतीनला चहा, चारला तबकडी. वहिनी टाके घालायचं काम घेऊन वर यायच्या. दादाने अकरा वर्षांत धड ऐकलेल्या नव्हत्या अशा दोनशे तबकड्या होत्या, तो लहान मुलासारखा एकेक उघडायचा. एकदा नाचाची धून लागली तेव्हा त्याने वहिनींना हात दिला. त्या आधी लाजल्या, मग तोंडातल्या टाचण्या काढून ठेवल्या आणि उठल्या. मी टेबलावर ताल धरला. साठी उलटलेली तीन माणसं दिवसाढवळ्या असला धिंगाणा घालतायत हे बघून समोरच्या घरातल्या बाईंनी खिडकी लावून घेतली.

५

"मागच्या अंगणात किटली कोण ठेवतं?" एक दिवस वहिनींनी विचारलं.

"किटली?"

"कपडे वाळत घालायला गेले तर शिट्टी येत होती. बारीक. किटली उकळल्यासारखी."

ऊन वाढलं होतं, तसंही अर्थिंगला पाणी घालायचंच होतं. मी दोन बादल्या घेऊन मागे गेले. अंगण म्हणजे काय, दोन दोऱ्या, एक मोरी आणि कोपऱ्यात सिमेंटचं चौकोनी झाकण, त्याला लोखंडी कडी. झाकणाखाली हातभर रुंदीचा विटांचा खड्डा आणि त्याच्या कडेने खाली गेलेला नळ. घरातली सगळी अर्थिंगची तार त्या नळाला येऊन मिळते.

झाकणापाशी वाकले आणि मला ती ऐकू आली. दादाने ओठांचा चंबू करून हजारदा वाजवून दाखवलेली शिट्टी. तोच सूर. मी तो झोपेतही ओळखला असता.

तार नळाला आवळणारी पट्टी सैल झाली असेल, कंप पावत असेल, मी मनाशी म्हटलं. मीटर आणून तारेतून काय वाहतंय ते मोजलं. काटा जागचा हलला नाही. पट्टीचे नट आवळले. शिट्टी चालूच. मग मी टेकायला म्हणून झाकणावर हात ठेवला आणि ती थांबली.

आवाज विरतो तशी नाही. दारावर थाप पडली की आतला माणूस बोलायचा थांबतो, तशी.

मी झाकण सरकवून घाईघाईने दोन्ही बादल्या ओतल्या. दर वर्षी ते पाणी तोंडापर्यंत चढतं आणि मुरायला अर्धा तास घेतं. त्या दिवशी ओतता ओतताच खाली गेलं. तळाशी कुठेतरी घोट घेतल्यासारखा आवाज झाला.

कोरडी माती, मी म्हटलं. तहानलेली असते. वर गेले तर दादा गाणाऱ्या बाईंच्या तानेवर मान डोलवत होता. त्याचा तो निवांत चेहरा बघितला आणि मी कोणाला काही सांगितलं नाही.

६

पुढे पुढे दादा माझ्याशी कमी बोलायला लागला. मला आधी राग आला. "चहा ठेवू का?" विचारावं तर उत्तर नाही. दोनदा विचारावं, उत्तर नाही. हाताला धरलं की दचकून म्हणायचा, "अगं, तू कधी आलीस?"

"मघापासून बोलतेय."

"नाही बुवा. तुझे ओठ हलताना दिसले, मला वाटलं मनातल्या मनात काहीतरी पुटपुटतेयस."

मग लक्षात आलं की हे त्या खोलीतच होतं. स्वयंपाकघरात, जिन्यात, बाजारात त्याला माझं सगळं ऐकू यायचं. खोलीत, वायर लावलेली असताना, आधी घड्याळाची टिकटिक गेली होती. त्याला त्याचं काही वाटलं नव्हतं. मग वहिनींचं मशीन. मग रस्ता. आता मी. उरली होती ती फक्त तबकडी, आणि ती, त्याच्या म्हणण्याप्रमाणे, इतकी स्वच्छ की गाणाऱ्या बाई समोर येऊन बसल्यायत असं वाटावं.

"कान तपासून घेऊ या का?" मी स्वयंपाकघरात विचारलं.

"कशाला? आयुष्यात पहिल्यांदा मला बरं ऐकू येतंय."

एका मंगळवारी मी खिडकीपाशी कपड्यांच्या घड्या घालत होते. दादा डोळे मिटून बसला होता, ऊन त्याच्या पायांवर आलं होतं, तबकडी चालू होती. मला काय झालं कोण जाणे, उशीच्या अभ्र्याची घडी घालता घालता मी बोलून गेले, "दादा, खरं सांगू? या तीन महिन्यांइतकी सुखात मी कधीच नव्हते. तू मला दार उघडलंस त्या रविवारपासून सांगायचं राहिलंय."

आम्ही असलं काही बोलणाऱ्यातले नाही. कानशिलं तापली माझी. मी वळून बघितलं. तो तबकडीकडे बघून हसत होता. त्याला एक अक्षर ऐकू आलं नव्हतं.

म्हटलं, बरंच झालं. पण वाईट वाटलंच.

७

गुरुवारी पुन्हा पाणी घालायला गेले. चार वाजले होते, अंगणात ऊन रखरखत होतं, वरून आमच्या खिडकीतून व्हायोलिन ऐकू येत होतं. बादली खाली ठेवली.

"दादा, चहा ठेवू का?"

मी म्हटलं नव्हतं. आवाज माझाच होता. झाकणाखालून आला होता.

"दादा, चहा ठेवू का?" पुन्हा. थोडा वेगळा. परवा मी दुसऱ्यांदा वैतागून विचारलं होतं, तसा. "घड्याळ बंद पडलंय का रे?" "वहिनी येतायत वर." "ऐकतोयस का?" त्या खोलीत मी बोललेलं आणि वाया गेलेलं एकेक वाक्य, सावकाश, एकामागे एक, पाठ करत बसल्यासारखं. अधूनमधून तेच वाक्य पुन्हा, जरा सुधारून. डाव्या नाकपुडीतली शीळसुद्धा घेऊन.

भिंतीत आवाज खेळतो, मी म्हटलं. खिडकी वर, खड्डा खाली, विटांतून येत असेल. पण मी आता बोलतच नव्हते. मग भिंतीत खेळणार काय?

"दादा, चहा ठेवू का?" खालून आलं.

"ठेव," खालून उत्तर आलं. दादाच्या आवाजात.

मी वर बघितलं. खिडकीत दादाचं डोकं दिसत होतं, पाठमोरं, व्हायोलिनबरोबर डोलणारं.

पळायला हवं होतं. पण अठ्ठावीस वर्षं बिघाड शोधण्यात गेली, झाकण उघडल्याशिवाय माझ्याने राहवत नाही. कडीत दोन्ही हात घालून मी ते बाजूला ओढलं. उन्हाची तिरीप आत गेली. हातभर खाली पाणी होतं. मी गेल्या आठवड्यापासून थेंब घातलेला नव्हता, तरी होतं. काळं, स्थिर, वर धुळीचा कणही नाही.

"कोण आहे?" मी विचारलं. विचारलं म्हणजे, तोंडातून निघालं.

पाणी चार बोटं वर आलं. लाट नाही, बुडबुडा नाही. हाक ऐकून कोणी मान वर करावी, तेवढंच, तसंच, आणि थांबलं. आणि मधोमध, माझा चेहरा दिसायला हवा होता तिथे, काहीतरी थोडं कललं. नीट ऐकू यावं म्हणून आपण डोकं कलतं करतो ना, तसं.

झाकण कसं लावलं आठवत नाही. गुडघा फुटला होता, तो वर गेल्यावर दिसला.

८

दादाला मी जिन्यात आणून सगळं सांगितलं. तो हसला नाही. मी खोटं बोलत नाही हे त्याला माहीत होतं आणि मी घाबरत नाही हे त्याहून जास्त. तरी म्हणाला, "तू दमलीयस. मी बघून येतो."

"जाऊ नकोस."

"माझ्या वायरीचा खड्डा आहे, मी बघायला नको?"

वहिनी आणि मी दुकानाच्या मागच्या दारात उभ्या राहिलो. वहिनींनी माझा दंड धरला होता, त्यांच्या बोटात सुई टोचू नये म्हणून घातलेलं अंगुस्तान तसंच होतं. दादाने झाकण काढलं नाही. तो झाकणाशेजारी आडवा झाला आणि गार उशीवर ठेवावा तसा कान सिमेंटवर ठेवला.

बराच वेळ गेला. आम्हाला दारात काहीच ऐकू येत नव्हतं. दादाचा चेहरा आमच्याकडे होता. आधी भुवया वर गेल्या. मग तो हसला. मग हसू हळूहळू गेलं आणि त्याने डोळे मिटले.

उठला तो माझ्याकडे न बघता जिना चढला. आम्ही मागोमाग. खोलीत जाऊन त्याने तबकडीवरची सुई उचलली, बटण बंद केलं, भिंतीतून प्लग ओढून काढला आणि माझ्या पेटीतली कात्री शोधायला लागला.

"दादा, काय करतोस?"

"उशीच्या अभ्र्याची घडी घालताना," तो म्हणाला, "तू काही बोललीस का?"

माझा चेहरा त्याला उत्तर देऊन मोकळा झाला.

"मला बोललीस ना?"

"हो."

"मग ते माझं होतं." त्याने प्लग उघडला. मी प्लग धरला. "माझ्या बहिणीने पंधरा वर्षांत एकदा तोंड उघडलं आणि ते मी जमिनीला कान लावून ऐकायचं? मला नको हे. शिट्टी असू दे."

"पण तुझं ऐकणं? तबकड्या?"

"अगं, दोनशे तबकड्या ऐकून झाल्या माझ्या. तुझं एकच वाक्य राहिलं होतं." आणि त्याने जाळीचं टोक कापलं. "त्याला काय द्यायचं ते देऊन झालं."

"त्याला म्हणजे कोणाला?" वहिनींनी विचारलं.

दादाने कात्री पेटीत ठेवली. "चहा ठेव बरं," तो मला म्हणाला. आणि मी जागची हलेना तेव्हा माझ्याकडे बघून, हसून म्हणाला, "मी म्हणतोय. मीच."

९

खड्डा आता गप्प आहे. मी दर आठवड्याला दोन बादल्या ओतते, वहिनी शेजारी उभ्या राहतात, पाणी तोंडापर्यंत चढतं आणि अर्ध्या तासात मुरतं. अगदी पूर्वीसारखं. वायरीवर जाळी नुसती पांघरलेली आहे, ती कुठेच जोडलेली नाही. स्पीकरमध्ये खरखर परत आली, तर वहिनींनी आपणहून दुपारी चार ते पाच मशीन बंद ठेवायचं ठरवलं. त्या वेळेला त्या वरच असतात म्हणा.

दादाची शिट्टी परत यायला तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी सकाळी मी विचारलं, "आली का?"

"आली," तो म्हणाला. त्याचा चेहरा मात्र पडलेला नव्हता. दाढीचा साबण अर्ध्या गालावर तसाच होता. "पण गंमत सांगू? ती शिट्टी नाही. चाल आहे."

आणि त्याने ती गुणगुणून दाखवली. छोटीशी होती, एकच ओळ. पण इतकी गोड की ऐकताना पाय आपोआप हलावा. आमच्या दोनशे तबकड्यांत ती नाही, दोघांनी मिळून शोधली. आठवड्याने दुसरी ओळ आली. आता सहा आहेत. दादा सकाळी उठतो तो उत्सुकतेने उठतो, आज पुढचं काय येतंय म्हणून. अकरा वर्षं ज्या कानांना तो शिव्या देत होता, त्यांना तो आता तेल लावून चोळतो. तो खूश आहे, म्हणून घर खूश आहे. आमच्याकडे आता भांडीसुद्धा तालात घासली जातात.

वहिनी खाली काम करताना तीच चाल गुणगुणतात. मला वाटलं, दादाकडून ऐकली असेल. पण परवा त्या सहावी ओळ म्हणत होत्या, आणि दादाला ती दुसऱ्या दिवशी आली.

मी हे बोलले नाही. दोघांच्या तोंडावरचा आनंद बघवत नाही असं म्हणणारी मी कोण? शिवाय, खरं सांगायचं तर, चाल मलाही आवडते. खूप आवडते.

फक्त तिसऱ्या ओळीनंतर एक जागा आहे. तिथे दोघंही थांबतात. चार मात्रा मोकळ्या जातात, मग पुन्हा सुरू. दादाला विचारलं, "इथे विसरतोस का?"

"नाही गं," तो म्हणाला, "तिथे तू आहेस."

काल दुपारी आम्ही तिघं खोलीत बसलो होतो. तबकडी नव्हती लावली. दादाने सुरू केलं, वहिनी मिळाल्या, तिसरी ओळ संपली, आणि दोघं थांबून माझ्याकडे बघायला लागले. किती प्रेमाने बघत होते. मी ओठ घट्ट मिटून चार मात्रा मोजल्या.

आज सकाळपासून घसा सारखा खाकरावासा वाटतोय.